नाटककाराला शाल पुरे, आता प्रश्न विचारा

शाल, श्रीफळ आणि दोन मिनिटांचं मनोगत. सीमाभागात नाटक लिहिणाऱ्याच्या वाट्याला बहुतेक एवढंच येतं. "दुसरा अंक तिथंच का तोडलात?" असं कुणी विचारत नाही. स्पर्धा जवळ आली की आपण पुण्या-मुंबईत गाजलेल्या संहितेची झेरॉक्स काढून मोकळे. सोपं पडतं ना!

आता हे बघा. १८८० साली पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर मूळचे गुर्लहोसूरचे, म्हणजे आपल्याच बेळगाव जिल्ह्यातले. पारशी मंडळींचं ‘इंद्रसभा’ बघून त्यांना संगीत नाटक सुचलं, असं सांगतात. बरं, पण चालींचं काय? लहानपणी कानावर पडलेलं कानडी गाणं त्यांत कुठं आणि किती आलं? आज ते भेटले असते तर आमचा पहिला प्रश्न हाच असता. १८८५ मध्ये ते गेले, वय अवघं ४२. ‘रामराज्यवियोग’ अपुरंच राहिलं.

आजचा नाटककार मात्र तुमच्याच गल्लीत असेल. दिवसा शाळेत नाहीतर बँकेत नोकरी, रात्री लिखाण. त्याच्याकडे जा की! तिच्याकडेही जा, बाई नाटक लिहिते हे आपल्याला उशिरा कळतं. फक्त जायच्या आधी संहिता वाचा. न वाचता "प्रेरणा कुठून मिळाली?" विचारणाऱ्याला चहासुद्धा मिळू नये.

विचारायचं तर असं विचारा: आपल्या घरातलं भांडण अर्धं मराठीत, अर्धं कानडीत होतं, मग तुमची पात्रं भांडताना पुणेरी का होतात? तालमीत कुठलं वाक्य नटाला बोलताच येईना? कुणाला वाईट वाटेल म्हणून काय खोडलंत? उत्तर द्यायला वेळ लागला तर लागू दे, मध्ये बोलू नका. मोबाईलवर रेकॉर्ड करा, तारीख लिहून ठेवा.

मग त्या नाटकाचं वाचन लावा. नेपथ्य नको, लाइट नको. सहा खुर्च्या आणि वाचणारी पोरं-पोरी पुरेत. नाटक कच्चं असेल तर तसं तोंडावर सांगा. आपला माणूस म्हणून वाजवलेल्या टाळ्यांनी पुढचा खर्डा सुधारत नाही. आणि जमलेलं असेल, तर यंदाच्या स्पर्धेला झेरॉक्सच्या दुकानात जाऊ नका. तेच नाटक बसवा, जाहिरातीत लेखकाचं नाव दिग्दर्शकाच्या वर छापा, आणि मानधनाचं पाकीट पहिल्या तालमीलाच द्या.