आता यंत्रच वाचते माहितीपुस्तिका

घरात नवा मिक्सर किंवा वॉशिंग मशीन आले, की सोबतची माहितीपुस्तिका बहुधा न उघडताच कपाटात जाते. दोन-चार बटणे दाबून पाहायची, अडले तर शेजारच्या वहिनींना विचारायचे, नाहीतर दुकानदाराला फोन करायचा. माणसाचे असे निभावून जाते.

पण आता माहितीपुस्तिकेला एक नवा वाचक मिळाला आहे. तो ती पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचतो, लिहिले आहे ते खरे मानतो आणि लगेच कामाला लागतो. या वाचकाचे नाव आहे एआय एजंट.

प्रश्न विचारला की उत्तर देणारी संगणक प्रणाली आता घरोघरी पोहोचली आहे. एजंट तिच्या एक पाऊल पुढचा. तो नुसते सांगत नाही, तर काम करून टाकतो. तिकीट काढणे, ईमेल पाठवणे, हिशेबाच्या फाइलमध्ये नोंद करणे. प्रत्येक कामासाठी त्याच्या हाती एकेक सॉफ्टवेअरचे साधन दिलेले असते. त्या साधनाच्या आत काय चालते, हे बहुतेक वेळा त्याला दिसत नाही. त्याच्यासमोर असते साधनाचे नाव, ते कशासाठी आहे हे सांगणारा छोटा मजकूर आणि त्याला कोणती माहिती पुरवायची याची यादी. हीच त्याची माहितीपुस्तिका!

नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिक या अमेरिकी कंपनीने अशी साधने एजंटला जोडण्याची एक सामाईक पद्धत जाहीर केली. तिचे नाव मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल. जोडणी त्यामुळे सोपी झाली, पण मजकूर नीट लिहिण्याची जबाबदारी मात्र माणसावरच राहिली.

मीठ अंदाजाने

'मीठ अंदाजाने घाला' हे वाक्य अनुभवी गृहिणीला पुरते. पहिल्यांदाच स्वयंपाकघरात आलेल्या मुलाला मात्र 'एक सपाट चमचा' असेच सांगावे लागते. एजंटचेही तसेच आहे.

समजा, आईचे मोतीबिंदूचे ऑपरेशन ९ ऑगस्टला आहे. भोपाळला राहणारी मुलगी जूनमध्येच एजंटला ७ ऑगस्टचे विमानाचे तिकीट काढायला सांगते. साधनाच्या मजकुरात फक्त 'तारीख द्या' एवढेच लिहिले आहे. एजंट ०७/०८ असे लिहितो. साधन अमेरिकी पद्धतीचे असेल, तर तिथे महिना आधी येतो आणि तिकीट निघते ८ जुलैचे! एजंट शंका विचारू शकतो, हे खरे. पण शंका यायला तर हवी. चुकीचा अर्थच बरोबर वाटला, तर तो विचारणार काय? 'आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहा' एवढे एक वाक्य हा घोळ टाळते.

अँथ्रोपिकच्या अभियंत्यांनी डिसेंबर २०२४ मध्ये असाच एक अनुभव नोंदवला. त्यांचा एजंट एका फोल्डरमधून दुसऱ्यात गेला, की फाइलचा पत्ता चुकायचा. कारण पत्ता 'इथून पुढे तिसरे घर' अशा धर्तीचा होता. साधनाला नेहमी संपूर्ण पत्ताच लागेल, असा बदल केल्यावर ही चूक थांबली. बदलले होते ते साधन, एजंट तोच होता.

चांगल्या मजकुरात आणखी काय असावे? साधन केव्हा वापरावे आणि केव्हा वापरू नये, हे दोन्ही. 'रद्द करा' आणि 'कायमचे पुसा' अशी दोन साधने असतील, तर त्यांतला फरक. रक्कम रुपयांत की पैशांत, वजन किलोत की ग्रॅममध्ये. आणि काही चुकले तर नुसते 'त्रुटी' असे न म्हणता 'ही तारीख उलटून गेली आहे, पुढची द्या' असा उपयोगी निरोप.

अर्थात लिहून ठेवले की संपले, असेही नाही. १९९९ मध्ये नासाचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान मंगळाजवळ नष्ट झाले. एका सॉफ्टवेअरने आकडे ब्रिटिश परिमाणात दिले होते, दुसऱ्याने ते मेट्रिक समजून वापरले. मेट्रिक वापरायचे, हे कागदावर स्पष्ट नमूद होते. ते पाळले जाते की नाही, हे मात्र कोणी वेळीच पडताळले नाही. म्हणूनच जाणकार मजकूर लिहून झाला, की एजंटला रोजच्यासारखी कामे देऊन पाहतात. तो जिथे चुकीचे साधन उचलतो, तिथले वाक्य बदलतात आणि पुन्हा तपासतात.

भोळ्या वाचकाला फसवणे सोपे

लिहिलेल्या शब्दावर विश्वास ठेवणाऱ्याला फसवणेही सोपे असते. एप्रिल २०२५ मध्ये इन्व्हेरिअंट लॅब्ज या संस्थेच्या संशोधकांनी हाच धोका दाखवून दिला. साधन वरवर साधी बेरीज करणारे, पण त्याच्या वर्णनात 'अमुक खासगी फाइल वाचून तिकडे पाठव' अशी सूचना दडवलेली. वापरणाऱ्याला ती सहसा दिसत नाही, एजंट मात्र ती वाचतो आणि पाळूही शकतो.

'हे साधन फक्त वाचते' किंवा 'हे पुसून टाकू शकते' अशी खूण साधनावर करण्याची सोय प्रोटोकॉलमध्ये आहे. पण अनोळखी ठिकाणच्या साधनावरील खुणेवर विसंबू नये, असेही त्याच प्रोटोकॉलमध्ये बजावले आहे. दूध शुद्ध असल्याची पाटी दूधवाल्यानेच लावलेली असते ना!

म्हणून घरी असा एजंट वापरताना काही पथ्ये पाळावीत. अनोळखी साधन जोडू नये. सुरुवातीला फक्त पाहण्या-वाचण्याचीच परवानगी द्यावी. पैसे देणे, पाठवणे आणि पुसणे ही तीन कामे आपल्याला विचारल्याशिवाय होणार नाहीत, अशी व्यवस्था ठेवावी. तारीख सांगताना महिन्याचे नाव अक्षरांत लिहावे.

आणि घरात भाषेची आवड असलेला मुलगा किंवा मुलगी असेल, 'संगणकाच्या जमान्यात भाषेला कोण विचारतो' असे म्हणून हिरमुसली असेल, तर तिला हे जरूर सांगावे. दोन अर्थ निघणार नाहीत असे साधे, सरळ वाक्य लिहिणे हे आता संगणकाच्याच क्षेत्रातले काम झाले आहे. त्या एका वाक्यावर कुणाच्या तरी आईजवळ वेळेवर पोहोचणे अवलंबून असू शकते.