व्हीलचेअर सभागृहापर्यंत

टॅनी ग्रे-थॉम्पसन हे नाव आपल्या घरांत फारसं ऐकलेलं नसेल. ब्रिटनमधल्या वेल्स प्रांतातल्या या बाई, जन्म १९६९ चा. पाठीच्या कण्यात जन्मापासून दोष, त्यामुळे लहानपणीच व्हीलचेअर आली. इतर मुलांबरोबर नेहमीच्या शाळेत बसू द्यावं म्हणून आईवडिलांना झगडावं लागलं. पुढे व्हीलचेअरच्या शर्यतींत त्यांनी १९८८ ते २००४ अशा पाच पॅरालिम्पिकमध्ये १६ पदकं मिळवली, त्यातली ११ सुवर्ण. २०१० पासून त्या तिथल्या वरिष्ठ सभागृहात आहेत, कोणत्याही पक्षाच्या न होता, आणि दिव्यांगांची बाजू मांडतात.

ऑगस्ट २०२४ मध्ये त्या पॅरिसच्या पॅरालिम्पिकला निघाल्या होत्या. लंडनच्या स्टेशनवर गाडीतून उतरवायला कोणी आलंच नाही. शेवटी त्या खाली सरकत सरकत उतरल्या. देशभर बातमी झाली, रेल्वे कंपनीने माफी मागितली. आमच्या आलापल्लीत एसटीतून असे उतरणारे आहेत, त्यांची माफी मागायला कोण येणार?

खेळाडू आपल्याकडेही कमी नाहीत. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जखमी झाले. १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्ग इथे ५० मीटर पोहण्यात त्यांनी भारताला पॅरालिम्पिकचं पहिलं सुवर्ण मिळवून दिलं. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. मधली शेहेचाळीस वर्षं किती जणांना त्यांचं नाव आठवत होतं? आम्हाला वाटतं, फरक इथेच आहे. पदकाने हार मिळतो. सभागृहातल्या खुर्चीने रॅम्प मिळतो, निदान तो का नाही हे विचारता तरी येतं.

आपल्याकडे लोकसभेत किंवा विधानसभेत दिव्यांगांसाठी राखीव जागा नाही. तमिळनाडूने २०२५ मध्ये कायदा बदलून स्थानिक संस्थांत दिव्यांग सदस्य नेमण्याची सोय केली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के जागा ठेवल्या. २०१७ मध्ये नियम आले, तेव्हापासून पाच वर्षांत जुन्या सार्वजनिक इमारतींतही दिव्यांगांना जाता येईल अशी सोय व्हायला हवी होती. ती मुदत सरली. कचेरी असो, दवाखाना असो की मशीद, पायऱ्या मोजून पाहा.

आमच्या ओळखीच्या एका घरात अम्मी सोळा वर्षांच्या मुलाला पाठुंगळी घेऊन एसटीत चढते. इथून गडचिरोली शंभरावर किलोमीटर. मुलगा गणितात हुशार आहे. पण लग्नकार्याला त्याला घरीच ठेवतात, 'लोक काय म्हणतील' म्हणून. हे त्या सरकारी पायरीपेक्षा आम्हाला जास्त टोचतं.

ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. पुढच्या ग्रामसभेत गेल्या वर्षीची रक्कम किती होती आणि कशावर गेली, हे विचारा. आपल्या बहिणींनीही जावं, कारण पाठीवर ओझं त्यांच्याच आहे. आणि त्या मुलाला सोबत न्यावं. सभा वरच्या मजल्यावर असेल, तर ती खाली घ्यायला सांगावं.