‘आपण’ म्हणजे कोण?

२२ मे २०२५ची सकाळ. जळगावातील चहाच्या टपरीवर शेजारचा एक महाविद्यालयीन तरुण सुतकी चेहऱ्याने बसला होता. अंगात लाल जर्सी, डोळे जागरणाने तांबारलेले. काय झाले म्हणून विचारले, तर म्हणाला, “काका, आपण हरलो!” क्षणभर काळजात चर्र झाले. ‘ऑपरेशन सिंदूर’ला जेमतेम पंधरवडा उलटला होता, मन साहजिकच सीमेकडे धावले. मग उलगडा झाला. युरोपा लीगच्या अंतिम सामन्यात मँचेस्टर युनायटेड हा इंग्लंडमधील क्लब टॉटनहॅमकडून एका गोलने पराभूत झाला होता. आमच्या चिरंजीवांचे ‘आपण’ ते हे!

प्रस्तुत लेखक स्वतः फुटबॉलचा वेडा आहे. त्याने स्वतःही अशा अनेक रात्री जागवल्या आहेत. त्यामुळे हा लेख खेळाच्या द्वेषातून लिहिलेला नाही. परंतु त्या ‘आपण’ शब्दाची चिकित्सा केल्यावाचून राहवत नाही.

हा क्लब मुळात कोणाचा? १८७८ साली मँचेस्टरच्या न्यूटन हीथ भागातील रेल्वे कामगारांनी तो सुरू केला. डबे दुरुस्त करणाऱ्या घामट हातांनी उभा केलेला, एका वस्तीचा संघ. २००५ साली ग्लेझर या अमेरिकी कुटुंबाने तो विकत घेतला आणि खरेदीसाठी काढलेल्या कर्जाचा मोठा भार क्लबच्याच माथी मारला. तेव्हा तेथील संतप्त चाहत्यांपैकी काहींनी त्याच वर्षी ‘एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर’ हा स्वतःचा वेगळा क्लब काढला. ज्या गावात तो संघ जन्मला, त्या गावातील माणसे ‘हा आता आमचा राहिला नाही’ म्हणून बाहेर पडतात आणि जळगावचा तरुण मात्र ‘आपण हरलो’ म्हणून चहा टाकून उठतो! याला निष्ठा म्हणावे की गिऱ्हाइकी?

बाजाराला कुलदैवत नसते

व्यावसायिक फुटबॉलने जगभर हेच केले आहे. मँचेस्टर सिटी २००८ साली अबुधाबीच्या मालकीचा झाला, पॅरिसचा संघ २०११ साली कतारच्या, तर न्यूकॅसल २०२१ साली सौदी अरेबियाच्या. तेलाचा पैसा केवळ खेळाडू विकत घेत नाही, तो ओळखही विकत घेतो. २०१७ साली आखाती देशांत कपडे विकण्याचा करार झाला, तेव्हा रियल माद्रिदने तेथील मालावरच्या बोधचिन्हात मुकुटावरील क्रॉस गाळण्यास संमती दिली. क्रॉस आमचा नव्हे. पण जो क्लब गिऱ्हाइकासाठी स्वतःच्या माथ्यावरचे चिन्ह पुसतो, तो आमच्या पोरांना कोणती अस्मिता शिकवणार?

आपल्याकडेही तीच नक्कल झाली. २०१४ साली इंडियन सुपर लीगचा झगमगाट सुरू झाला. २०१९ साली मुंबई सिटीची बहुसंख्य मालकी मँचेस्टर सिटीच्या मालक समूहाने घेतली. २०२५च्या डिसेंबरात तो समूह आपला हिस्सा सोडून चालता झाला. त्याआधी लीगच्या व्यापारी हक्कांसाठी निविदा निघाली होती. एकही बोलीदार पुढे आला नाही. आणि त्याच डिसेंबरात मेस्सीचे दर्शन नीट झाले नाही म्हणून कोलकात्याच्या मैदानात खुर्च्या उखडल्या गेल्या. देशाची लीग अधांतरी लोंबकळत होती, त्याचे कोणाला फारसे सोयरसुतक नव्हते.

खेळ परका नाही

यावर आपल्यातील काही मंडळी लगेच म्हणतील, “हा साहेबांचा खेळ हवाच कशाला? कबड्डी, खो-खो आहेतच की!” त्यांना नम्रपणे सांगावेसे वाटते, की तरुणांनी गीतापठणाआधी फुटबॉलने शरीर कमवावे, असे बजावणारे स्वामी विवेकानंदच होते. २९ जुलै १९११ रोजी मोहन बागानच्या अकरा जणांनी, त्यांतील दहा अनवाणी, ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असे नमवून आयएफए शील्ड जिंकली, तेव्हा फाळणीने पोळलेल्या बंगालला आपल्या पायांतील बळ कळले. तेथे ‘आपण जिंकलो’ हे शब्द शंभर नंबरी खरे होते. याच मोहन बागानच्या नावापुढे २०२० साली भांडवलदारी विलीनीकरणातून ‘एटीके’ ही अक्षरे चिकटली. चाहत्यांनी अखंड विरोध केला आणि २०२३ साली ती काढायला लावली. जागा समाज मालकालाही वाकवतो, तो असा.

युरोपातही याचे उदाहरण आहे. मँचेस्टरचा तो पराभव ज्या मैदानावर झाला, ते स्पेनमधील बिल्बाओ गावाच्या अ‍ॅथलेटिक क्लबचे घर. १८९८ साली स्थापन झालेला हा क्लब केवळ बास्क भूमीत जन्मलेले वा घडलेले खेळाडूच खेळवतो. मालक त्याचे सभासद. तरीही तो स्पेनच्या अव्वल श्रेणीतून आजवर एकदाही खाली घसरलेला नाही आणि २०२४ साली त्याने राजाचा चषक जिंकला. याहून चोख स्वदेशी ती कोणती? आमच्या तरुणाने रात्रभर जागून सामना पाहिला. ज्या मातीत तो झाला, तिचा धडा मात्र त्याच्या नजरेतून निसटला.

भुसावळचे न्यूटन हीथ

आणि हा धडा गिरवण्यासाठी युरोपात जायलाही नको. कोल्हापुरात पाटाकडील, खंडोबा, दिलबहार या तालमींनी कुस्तीच्या बरोबरीने फुटबॉल जोपासला. तेथे शाहू स्टेडियमवर पेठाच्या पेठा लोटतात. कधी हुल्लडबाजी होते, ती निंद्यच. पण त्या मातीतूनच अनिकेत जाधव २०१७च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. त्याच वर्षी राज्य शासनाने शाळांना सुमारे एक लाख चेंडू वाटले. आपल्या शाळांतील ते चेंडू आज कोठे आहेत, हे प्रत्येकाने आपापल्या गावात विचारून पाहावे.

खानदेशात काय कमी आहे? न्यूटन हीथसारखेच रेल्वेचे गाव आपल्याकडे भुसावळ आहे. समर्थांचे वाङ्मय जिवापाड जपणारे धुळे आहे. बलोपासनेसाठी गावोगावी मारुती उभे करणाऱ्या त्या समर्थांचे. अमळनेर, चाळीसगाव, शिरपूर येथे पोरांचे पाय काटक आहेत. नाहीत ती मैदाने. असतील तेथे कधी प्रदर्शन, कधी सर्कस, कधी राजकीय सभा. त्यांत आपल्याही सभा येतात, हे प्रांजळपणे मान्य करू.

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक तालुक्याला एक मैदान वर्षभर खेळासाठीच राखावे. प्रत्येक व्यायामशाळेने एक संघ उभा करावा, गावाच्या वर्गणीतून आणि गावाच्या नावाने. वर्षातून एकदा जळगाव विरुद्ध धुळे असा सामना व्हावा, आलटून पालटून दोन्ही गावांत. जाहिरातदार नसला तरी चालेल. काठावर हजार माणसे हवीत.

मँचेस्टरचे सामने तरुणांनी खुशाल पाहावेत, गुणही घ्यावेत. पण टपरीवरचा तो पोरगा उद्या चिखलाने माखलेला घरी येऊन म्हणू दे, “काका, आपण धुळ्याकडून हरलो!” त्या पराभवाचे पेढे मी स्वतः वाटीन.