सक्तीचा लवाद
अमेरिकेत नोकरी पत्करतानाच अनेकांना लिहून द्यावे लागते की, मालकाशी तंटा झाल्यास आपण न्यायालयात न जाता लवादाकडे जाऊ. १९२५ च्या लवाद कायद्याच्या आधारे, अशा करारांनी नोकरांचा सामुदायिक दाव्याचा मार्गही बंद करता येतो, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली पाच विरुद्ध चार मतांनी दिला. परंतु पोटासाठी केलेली सही म्हणजे खुषीची संमती नव्हे. लैंगिक अत्याचार व छळ यांच्या तक्रारदारांना २०२२ च्या कायद्याने न्यायालयाचे दार खुले केले. मग बुडालेल्या वेतनासाठीच ते बंद का? तंट्यानंतर उभयतांनी खुषीने नेमलेला लवाद स्वागतार्हच. आधीच लादलेला लवाद मात्र न्यायाला दिलेली बगल होय.