लेखकाने घेतलेला इसार

जमिनीच्या व्यवहारात इसार म्हणून एक प्रकार असतो. खरेदीखत होण्यापूर्वी घेणारा विकणाऱ्याच्या हाती काही रक्कम ठेवतो आणि इसारपावती होते. रक्कम थोडीच असते. परंतु ती हाती पडली की विकणाऱ्याची निकड निम्मी ओसरते. पुढे तो खरेदीखत करून देण्यास टाळाटाळ करू लागला, तर घेणारा कोर्टाची पायरी चढतो आणि आमच्यासारख्यांची चूल पेटते. आमच्या लेखकांनी अलीकडे असाच इसार घेण्याचा परिपाठ ठेवला आहे. फरक एवढाच की, येथे दावा लावणारा कोणी नाही.

आम्ही फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप आणि त्यांच्या भावंडांविषयी बोलत आहोत. ही माध्यमे लेखकाचा वेळ खातात ही तक्रार आता शिळी झाली आहे, आणि ती खरी असली तरी अपुरी आहे. वेळ खाणारी व्यसने लेखकांस पूर्वीही होती. पत्त्यांचे डाव होते, चहाची दुकाने होती, साहित्य संमेलनांच्या निवडणुका होत्या. त्यांनी तासचे तास खाल्ले. पण लेखन झाल्याचे समाधान त्यांनी कधी देऊ केले नाही. रमीचा डाव मोडून मध्यरात्री घरी परतणाऱ्या कथाकारास, आज आपण एक ओळही लिहिली नाही, हे पक्के ठाऊक असे; आणि ती टोचणीच त्यास दुसऱ्या दिवशी कागदापाशी बसवी. नव्या व्यसनाने नेमकी ती टोचणीच काढून घेतली. सकाळी सुचलेली कल्पना मुरण्यापूर्वीच दहा ओळींत मांडावी. दुपारपर्यंत तिच्याखाली दीडशे अंगठे उमटावेत. कोणी ‘यावर कादंबरी होऊ द्या’ असा आग्रह करावा. आणि रात्री लेखकाने काम झाल्याच्या तृप्तीने आडवे व्हावे. आता कादंबरी कोठून होणार? तिचा इसार दुपारीच खर्ची पडलेला असतो.

आमच्या परिचयाचे बेळगावचे एक कथाकार आहेत. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर ज्या घराच्या उंबरठ्यावर भाषेची सीमा येऊन बसली, अशा एका घराची तीन पिढ्यांची हकीकत त्यांनी लिहावयास घेतली होती. नऊ वर्षांपूर्वी त्यांनी पहिली चार प्रकरणे आम्हांस वाचून दाखविली, आणि त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. तेव्हापासून ती कादंबरी फेसबुकवर तुकड्यातुकड्यांनी विकली जात आहे. आजी आली, शाळेची बदललेली पाटी आली, मोर्च्यात हरवलेली चप्पल आली. प्रत्येक तुकडा वाखाणला गेला. गेल्या वर्षी पाचव्या प्रकरणाची चौकशी केली, तेव्हा ते निर्मळपणे म्हणाले, “वकीलसाहेब, ते सगळे लिहून झालेच आहे की!” त्या तुकड्यांस आम्हीही अंगठा दिला होता, हे येथे नमूद केले पाहिजे. (आमच्या धंद्यात अंगठा देतो तो ज्याला लिहिता येत नाही तो.)

हे अपघाताने घडत नाही. फेसबुकचे पहिले अध्यक्ष शॉन पार्कर यांनी नोव्हेंबर २०१७ मध्ये जाहीरपणे सांगितले की, लोकांचा शक्य तितका वेळ आणि लक्ष कसे ओढून घ्यावे, हाच विचार हे यंत्र घडविताना समोर होता. मनुष्यस्वभावातील एका दुबळेपणाचा फायदा जाणूनबुजून घेण्यात आला. कबूल केलेली गोष्ट शाबीत करावी लागत नाही, हा पुराव्याच्या कायद्याचा जुना नियम आहे. तेव्हा या मुद्द्यावर आम्ही अधिक साक्षीदार बोलावीत नाही.

प्रतिपक्षाचे एक म्हणणे मात्र वजनदार आहे. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील मराठी लेखकाचे बाड पुण्या-मुंबईच्या संपादकांकडे वर्ष-वर्ष पडून राही; या माध्यमांनी त्याला थेट वाचक मिळवून दिला. हे खरे आहे, आणि त्या संपादकांच्या वतीने वकीलपत्र घेण्याची आमची इच्छा नाही. परंतु वाचक मिळाल्यावर त्यास द्यावयाचे काय? एकाकीपणाचेच म्हणाल, तर जी. ए. कुलकर्णी धारवाडास इंग्रजी शिकवीत राहिले, लोकांत मिसळणे त्यांनी कटाक्षाने टाळले, आणि पत्रे मात्र इतकी लिहिली की त्यांचे खंड निघाले. पत्र एका माणसास जाई व उत्तरास आठवडा लागे. त्या आठवड्यात कथा लिहिता येत असे.

गोव्यातील स्थिती आम्हांस अधिक खटकते. १९६७ च्या जनमत कौलाचा स्मृतिदिन दर जानेवारीत येतो, आणि मराठी व कोंकणी या दोन्ही बाजूंचे चांगले लेखक मोबाइल घेऊन एकमेकांवर तुटून पडतात. वाद असावा, आम्ही वादावरच जगतो. परंतु शणै गोंयबाब (१८७७–१९४६) यांनी मुंबईत नोकरी सांभाळून कोंकणीचा पक्ष मांडला तो ग्रंथांतून. ‘कोंकणी भाशेचें जैत’ ज्यास मान्य नव्हते, त्यासही तो ग्रंथ आधी वाचावा लागे, पुरावा शोधावा लागे, मग उत्तर लिहावे लागे. आजच्या भांडणातून दोन्ही भाषांच्या पदरी काय पडले? शिव्यांचा कोशदेखील कोणी सिद्ध केलेला नाही.

संपादक-प्रकाशकही निर्दोष नाहीत. हस्तलिखित पाहण्याआधी ‘आपले फॉलोअर किती?’ असे विचारणारे प्रकाशक आम्ही पाहिले आहेत. आणि लेखकाने तो प्रश्न निमूटपणे ऐकून घेतला, हेही पाहिले आहे. लेखकांनी ही माध्यमे सोडून द्यावीत, असे आम्ही म्हणत नाही. छापून झालेल्या पुस्तकाची दवंडी तेथे खुशाल पिटावी. अपुऱ्या लेखनाचा एक तुकडाही तेथे ठेवू नये, एवढीच आमची मागणी आहे. आणि वाचकांनी तसा तुकडा दिसल्यास अंगठा आवरावा.

गेल्या महिन्यात आमच्या त्या कथाकारांनी आजीच्या पितळी डब्यावर बारा ओळी टाकल्या. ओळी उत्तम होत्या. आम्ही अंगठा दिला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला, “प्रकृती बरी आहे ना?” आम्ही पाचव्या प्रकरणाची चौकशी केली.