सूत्र पाठ, पण ताळ्याचे काय?



'बारावीच्या गणितात सूत्रे पाठ असली की पुरे' हे एका पत्रलेखकाचे मत पटत नाही. साइन क्ष + कॉस क्ष = १ हे समीकरण घ्या. दोन्ही बाजूंचा वर्ग केला की साइन २क्ष = ० मिळते आणि एका फेऱ्यात ०, ९०, १८०, २७० अंश अशी चार उत्तरे निघतात. मूळ समीकरणात ताळा पाहिला, तर शेवटची दोन बाद होतात. तिथे बेरीज उणे १ येते. साइनच्या व्यस्त फलाचे ० ते १ संकलनही आलेख काढला की सूत्राविना सुटते: पाय/२ क्षेत्रफळाच्या आयतातून साइनच्या आलेखाखालचे १ वजा करायचे. परीक्षेत वेळ कुठे असतो, हा आक्षेप रास्त आहे. पण ताळ्याला दोनच ओळी लागतात. पाठांतर जरूर करावे, मात्र ताळ्याला स्वतंत्र गुण द्यावेत.

— एक वाचक