फडताळातली फळी

आरे-वारे म्हटलं की डोळ्यांसमोर दोन किनारे येतात. मध्ये डोंगर, खाली सुरूचं बन, वळणावर उभ्या गाड्या. रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे निघालेला प्रत्येक जण या चढावर थांबून समुद्र बघतो, आणि बघावा असाच तो आहे. पण आज मला समुद्राकडे पाठ करून बोलायचंय. माडा-पोफळींत उभ्या असलेल्या जुन्या कौलारू घरांबद्दल, त्यातही त्या घरांच्या भिंतींबद्दल.

आपल्याकडच्या जुन्या घरात सुटं सामान फार थोडं. जांभ्याच्या चिऱ्याची भिंत मुळातच हातभर रुंद. मग तिच्या पोटातच जागा काढायची. माजघराच्या मधल्या भिंतीत दोन झडपांचं फडताळ, देवाजवळ दिव्याचा कोनाडा, ओटीवर खुंट्यांची ओळ. चिरा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, वाऱ्याला लागला की कठीण होतो. त्यामुळे भिंत चढत असतानाच फडताळाची चौकट बसवून घ्यायची, तिच्यावर लाकडी पाट टाकायचा, आणि पुढचे थर रचायचे. म्हणजे फडताळ घराबरोबर जन्माला येतं. बाहेरच्या, पाऊस झेलणाऱ्या भिंतीत ते सहसा काढत नसत, कारण ओल आत येते. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तोही बहुतेक सगळा चार महिन्यांत. कुठल्या भिंतीत काय ठेवायचं, हे त्या पावसानेच ठरवून दिलेलं आहे.

आता ही घरं पाडली जातात किंवा ‘सुधारली’ जातात. सुधारणा म्हणजे बहुतेक ठिकाणी फडताळ चिऱ्यांनी बुजवायचं, वरून सिमेंटचं प्लास्टर मारायचं आणि त्याच भिंतीला टेकून पत्र्याचं कपाट उभं करायचं. पत्र्याचं कपाट खाऱ्या वाऱ्यात चार पावसाळ्यांत तळाशी गंजतं. प्लास्टरमागे अडकलेली ओल फुगे धरते. जुना चुन्याचा गिलावा ओल बाहेर जाऊ देत असे. सिमेंट ती कोंडून ठेवतं. मला हे बघवत नाही. चांगली वस्तू बुजवून तिच्यासमोर वाईट वस्तू विकत आणण्यात कसली सोय आहे?

माझ्या माहेरच्या घरातही हीच वेळ आली होती. वहिनी घरात पाहुणे ठेवते. पर्यटन महामंडळाच्या ‘निवास व न्याहारी’ योजनेमुळे या पट्ट्यातल्या अनेक घरांना हा मार्ग सापडला. पाहुणे म्हटले की चादरी, उशांचे अभ्रे, पडदे आले, आणि पावसाळ्यात तर चादर दोरीवर दोन दिवस ठेवली तरी दमटच. इस्त्री फिरवल्याशिवाय ती अंथरता येत नाही. वहिनी जमिनीवर घोंगडी दुमडून त्यावर इस्त्री करायची, आमच्या आईसारखीच. आईकडे लोखंडी कोळशाची इस्त्री होती, आत करवंटीचे निखारे. त्याच्याही आधी तांब्यात निखारे घालून तो धोतरावर फिरवायचे, नाहीतर घडी गादीखाली ठेवून वर झोपायचं. या सगळ्यात जमीन मात्र सुटली नाही. गुडघे गेले बायकांचे.

दादा म्हणाला, फडताळ बुजवू आणि तिथे इस्त्रीचं टेबल ठेवू. वहिनी म्हणाली, “ताई, टेबलाला जागा करण्यापेक्षा टेबलच फडताळात घालता येणार नाही का?”

ही कल्पना तिची. तिला ठाऊक नव्हतं की सातासमुद्रापार ती शंभर वर्षांपूर्वी रुळली होती. अमेरिकेत कनेक्टिकट राज्यातल्या न्यू हेवन गावी सारा बून नावाची शिवणकाम करणारी बाई होती. तिचा जन्म गुलामगिरीतला. बायकांच्या झग्यांच्या बाह्या आणि कमरेचे वळणदार भाग नीट बसावेत म्हणून तिने अरुंद, बाकदार, घडी होणारी इस्त्रीची फळी काढली आणि 26 एप्रिल 1892 रोजी तिचं पेटंट मिळवलं. पुढे विजेची इस्त्री घरोघरी गेली, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत तिथल्या छोट्या बंगल्यांच्या स्वयंपाकघरात भिंतीतच उभं अरुंद कपाट येऊ लागलं. दार उघडायचं, फळी खाली ओढायची, काम झालं की वर ढकलायची. नंतर लोकांनी फळ्या काढून तिथे मसाल्याच्या बरण्या मांडल्या. आता तीच जुनी घरं घेणारी माणसं रंगाचे थर खरवडून त्या फळ्या पुन्हा चालत्या करतात. सारा बूनसारखीच आमची वहिनीही स्वतःच्या कामातून उपाय शोधत होती, म्हणून मला त्या दोघींना एका ओळीत बसवावंसं वाटतं.

आमचं फडताळ बरंच बिघडलेलं होतं. हिरव्या ऑइलपेंटचे थरावर थर, खालच्या कोपऱ्यात वाळवीची माती, एक झडप चौकटीत रुतलेली. मेस्त्री आले ते भाद्रपदात, गणपतीसाठी घर आवरताना. रुतलेल्या झडपेवर रंधा मारून टाका, असं दादाने म्हणताच त्यांनी हात आडवा केला. “आता लाकूड पाणी प्यालंय. आत्ता तासलंत तर होळीला बोटभर फट पडेल. थांबा.” आम्ही थांबलो. माघात तीच झडप एका हाताने उघडली. जुन्या लाकडाच्या कामात निम्मं कसब हे ऋतू ओळखण्याचं आहे, आणि कामं भराभर उरकण्याच्या घाईत नेमकं तेच पहिल्यांदा सुटतं.

रंग काढणं हे जपून करायचं काम. जुन्या रंगांत शिसं असू शकतं. आपल्याकडे घरगुती रंगांतलं शिसं 90 पीपीएमवर आणणारा नियम 2017 च्या अखेरीस लागू झाला, त्याआधीच्या डब्यांचा भरवसा नाही. म्हणून कोरडा पॉलिशपेपर घासून धूळ उडवायची नाही. पृष्ठभाग ओला ठेवायचा, तोंडाला मास्क बांधायचा, पोरांना परसात धाडायचं आणि खरवड गोळा करून वेगळी टाकायची. हिरव्याखालून फणसाचं पिवळं लाकूड निघालं तेव्हा वहिनीने नुसता हात फिरवला त्याच्यावर. वाळवीने खाल्लेला चौकटीचा तुकडा तेवढाच कापून तिथे नवा सांधला. पितळी बिजागऱ्या चिंचेने घासल्यावर पुन्हा वापरण्याजोग्या निघाल्या. लोखंडी असत्या तर समुद्राच्या वाऱ्याने कधीच खाल्ल्या असत्या.

मग खुद्द फळी. पडलेल्या गोठ्याच्या दाराचं फणसाचं लाकूड माळ्यावर पडून होतं. फडताळाच्या वरच्या खणांतल्या आडव्या फळ्या खाचांत नुसत्या सरकवलेल्या होत्या, खिळा एकही नाही. त्या काढून माळ्यावर ठेवल्या, म्हणजे उद्या कुणाला फडताळ पूर्ववत हवं असेल तर तेही होईल. कमरेच्या उंचीच्या मधल्या फळीला ही नवी फळी बिजागरीने जोडली. उभी केली की आत मावते, खाली घेतली की तिरका टेकू चौकटीतल्या खाचेत बसतो. वर जुन्या घोंगडीचा थर आणि त्यावर घट्ट ताणलेलं मांजरपाट.

मेस्त्रींना माझा एकच आग्रह होता: तापलेली इस्त्री चुकूनही आत बंद होऊ नये. त्यांनी फडताळाच्या बाजूच्या कोनाड्यात कडप्प्याचा तुकडा बसवून दिला. इस्त्री तिथे निवते. प्लगला अर्थिंगची तार वेगळी ओढून घेतली. जुन्या घरांतल्या दोन तारांच्या जोडणीवर हजार वॉटची इस्त्री चालवणं म्हणजे जिवाशी खेळ. अमेरिकेतल्या काही जुन्या कपाटांत इस्त्री टेकवायला ॲस्बेस्टॉस असे, आणि ते काढताना तिथल्या लोकांना फार काळजी घ्यावी लागते. आमचा कडप्पा त्यापेक्षा कितीतरी भला.

कुणी म्हणेल, एका फळीसाठी एवढा खटाटोप? मला तो योग्य वाटतो. जुनं घर जपायचं म्हणजे त्याचं संग्रहालय करायचं, अशी आपली समजूत झाली आहे. आरे-वारेहून पुढे गणपतीपुळ्याच्या पलीकडे मालगुंडला केशवसुतांचं घर कोकण मराठी साहित्य परिषदेने मोठ्या आस्थेने स्मारक म्हणून सांभाळलंय, आणि ते तसंच हवं. कवीचं घर सगळ्या महाराष्ट्राचं. पण तुमच्या-माझ्या आजोबांच्या घराचं स्मारक कोण करणार? ते वापरातच जगलं पाहिजे. नाहीतर त्याची दारं, खांब, झडपा ट्रकमध्ये चढतात आणि मुंबईच्या जुन्या बाजारात जाऊन पडतात. तमिळनाडूत कारैकुडीला चेट्टियारांच्या पाडलेल्या वाड्यांचं सामान असंच दुकानांत रचलेलं असतं. खांब विकत घेऊन कुणी दिवाणखान्यात उभा करू शकतो. फडताळाचं तसं होत नाही. भिंतीतून काढलं की हाती चौकट येते आणि जागा तिथेच संपते.

म्हणून ज्यांचं घर येत्या वर्षात उतरायचं किंवा दुरुस्त व्हायचं आहे, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. कंत्राटदाराला बोलावण्याआधी गावातल्या म्हाताऱ्या मेस्त्रींना एकदा घर दाखवा. फडताळांची मापं घ्या, कुठल्या भिंतीत, किती उंचीवर, कुठलं लाकूड, ते वहीत लिहा, फोटो काढा. बुजवलेलं फडताळ ओळखणं अवघड नसतं. भिंतीवर थाप मारत गेलं की आवाज बदलतो. आणि ते उघडलं की आत काय ठेवायचं हे घरातल्या बाईला विचारा, कारण जागा कुठे कमी पडते ते तिला रोज कळतं.

आमच्या ओटीवर असंच एक बुजवलेलं फडताळ आहे. वहिनीला तिथे पाहुण्यांच्या चादरी ठेवायच्या आहेत. मेस्त्रींनी सांगितलंय, दिवाळी होऊन भिंत सुकू दे, मग चिरे काढू.